सीपीच्या मुलांचं रायझोटॉमी ऑपरेशन आणि शू-शीचा कंट्रोल: आधी काय, मग काय

इंदूरमध्ये मी सीपीच्या (सेरेब्रल पाल्सी, म्हणजे मेंदूच्या इजेमुळे हालचालीला अडचण असलेल्या) मुलांची फिजिओ करते, आणि सुदामानगर, राजेंद्रनगर, रामबागच्या आपल्या मराठी घरांमधून, शिवाय देवास-उज्जैनहून येणाऱ्यांकडूनही, एकच घोटाळा परत परत बघते. पायांच्या कडकपणासाठी रायझोटॉमीचं ठरतं, मुंबईची नाहीतर दिल्लीची तारीख मिळते, पैशांची जमवाजमव होते, आई-बाबा रजा टाकतात, आजी सोबत यायला तयार होते, आणि शू-शीचा विषय निघतो तो थेट कॅथेटर (लघवीची नळी) काढल्यावर. तेव्हा पोर रडत असतं, गादी ओली असते आणि कोणालाच सांगता येत नाही की हे ऑपरेशनमुळे झालंय की आधीपासून असंच होतं. कारण आधीची नोंदच नसते.

म्हणून हा क्रम लिहितेय. औषधं आणि डोस तुमचे डॉक्टरच ठरवणार, पण घरच्यांनी करायची कामं बरीच आहेत आणि ती उलटसुलट केली की त्रास मुलाला होतो.

१. ऑपरेशन कशासाठी आहे ते घरात सगळ्यांना स्पष्ट करा

सिलेक्टिव्ह डॉर्सल रायझोटॉमी, ज्याला सगळे एसडीआर म्हणतात, हे पायांचा स्पॅस्टिक कडकपणा कमी करायचं ऑपरेशन आहे. कंबरेच्या भागात मणका उघडतात, पायांकडून मज्जारज्जूकडे संवेदना नेणारी नसांची मागची मुळं वेगळी करतात, प्रत्येक मुळाचे बारीक धागे सोडवतात, एकेका धाग्याला हलका करंट देऊन पायाच्या स्नायूंचा ईएमजी (स्नायूंमधल्या विजेच्या संदेशांची नोंद) बघतात, आणि जे धागे जास्तच वेडंवाकडं उत्तर देतात त्यातले काही कापतात. हालचालीच्या ज्या पुढच्या नसा असतात त्यांना हात लावत नाहीत. एकदा कापलेलं परत जोडता येत नाही.

हे मुख्यतः स्पॅस्टिक डायप्लेजियाच्या मुलांसाठी असतं, म्हणजे दोन्ही पाय कडक पण धड आणि हात त्यामानाने बरे, बहुतेक वेळी कमी दिवसांचं बाळंतपण झालेलं, वय साधारण ३-४ ते ८-१० वर्षं, आधाराने किंवा स्वतः थोडंफार चालणारी मुलं. ज्यांच्यात डिस्टोनिया (स्नायू आपोआप पिळवटणं) जास्त आहे, पायात मुळात ताकदच कमी आहे, पाठीचा कणा बराच वाकलाय किंवा नंतरची महिनोन्महिने चालणारी फिजिओ जमणारच नाही, त्यांना सहसा नाही म्हणतात आणि ते बरोबरच आहे.

आता मुद्दा शूचा. काही मुलांमध्ये एसडीआरनंतर मूत्राशय जास्त लघवी धरायला लागतं, घाई कमी होते, ओलं होणं कमी होतं, हे डॉक्टरांनी नोंदवलेलं आहे. काहींमध्ये काहीच फरक पडत नाही. एखाद्याला नवीन त्रासही होऊ शकतो. त्यामुळे "शू सुधारेल" हे ऑपरेशनचं कारण कधीच धरू नका. सुधारली तर आनंदच आहे, पण निर्णय पायांवर घ्या.

> चेक: घरातल्या प्रत्येकाला विचारा, "ऑपरेशनने काय होणार?" उत्तरात "डायपर सुटणार" आलं तर अजून बोलायचं बाकी आहे.

२. ४८ तासांची शू-डायरी, आणि ती तारीख ठरायच्या आधी

हे काम सगळ्यात जास्त टाळलं जातं आणि सगळ्यात जास्त उपयोगी पडतं. सलग दोन दिवस, शनिवार-रविवार धरा म्हणजे शाळा मध्ये येणार नाही. लागणारं सामान: मिलीलिटरच्या खुणा असलेला प्लास्टिकचा मग, किचनमधला डिजिटल वजनकाटा आणि एक वही.

वहीत पाच रकाने आखा. किती वाजता, काय आणि किती प्यायलं, किती शू झाली, ओलं झालं का, आणि ओलं झालं तर कशामुळे.

शू मगमध्ये झाली तर आकडा वाचून लिहायचा. डायपर असेल तर कोरा डायपर आधी काट्यावर ठेवून वजन लिहून ठेवा, मग ओला झालेला ठेवा, जो फरक येईल तेवढे ग्रॅम म्हणजे तेवढे मिलीलिटर. त्यात शी असेल तर तो आकडा सोडून द्या, अंदाजे लिहू नका.

"कशामुळे" हा रकाना नीट भरा, कारण ओलं होण्याच्या चार वेगळ्या तऱ्हा आहेत आणि चारींचे उपाय वेगळे:

- पोचला नाही. कळलं होतं, सांगितलं होतं, पण चालत जाऊन चड्डी उतरवेपर्यंत झाली. इथे अडचण पायांची, कपड्यांची, बाथरूमची आहे.
- एकदम आली. खेळता खेळता अचानक, पाय आवळून उभा राहिला आणि झालीच. हे बहुतेक वेळा मूत्राशय स्वतःच्या मनाने आकुंचन पावतं म्हणून होतं, सीपीच्या मुलांमध्ये हेच सगळ्यात जास्त सापडतं.
- सुरूच होत नाही. बसवलं की दहा मिनिटं नुसतं बसून राहतो, थेंब थेंब येते, उठवलं की होते. खालचे स्नायू ढिले सुटत नसतील.
- कळलंच नाही. ओलं झालंय हेही सांगत नाही. कधी समजेचा प्रश्न असतो, कधी बोलता येत नाही म्हणून, आणि कधी नसांचा. हे डॉक्टरांना वेगळं सांगायचं.

एकाच मुलाच्या वहीत दोन-तीन तऱ्हा निघतात, ते चालतं, जे दिसलं ते लिहा.

मूत्राशय किती धरायला हवं याचा एक सोपा हिशोब डॉक्टर लोक वापरतात: वयात १ मिळवा आणि ३० ने गुणा. ५ वर्षांच्या मुलाचं साधारण १८० मिली, ७ वर्षांच्याचं २४०. हा साधारण १२ वर्षांपर्यंतचा हिशोब आहे. तुमच्या डायरीत सगळ्यात मोठी शू ७०-८० ची निघाली तर मूत्राशय लहान पडतंय किंवा वेळेआधीच आकुंचन पावतंय. दिवसातून ४ ते ७ वेळा शू होणं ठीक, त्याहून खूप जास्त किंवा ३ पेक्षा कमी असेल तर ते ठळक करून लिहा.

> सावधान: डायरीच्या दिवसांत मुद्दाम पाणी कमी देऊ नका, मुद्दाम जास्तही पाजू नका. रोजचं जसं आहे तसंच. सजवलेली डायरी कोणाच्याच कामाची नाही.

आणि एक गोष्ट मनापासून सांगते, सीपीच्या मुलांना कंट्रोल उशिरा येतो पण डायप्लेजियाच्या बहुतेक मुलांना येतो, म्हणून ५ वर्षांचा मुलगा ओला होतोय यावरून लगेच "नसा गेल्या" असं धरू नका. रागावणं तर नकोच. घाबरलं की त्याचे खालचे स्नायू अजून आवळतात आणि शू अजून अडते.

३. आधी कोठा साफ, मग लघवीचा विचार

हा क्रम उलटा केला की सगळं फसतं. सीपीच्या मुलांमध्ये बद्धकोष्ठ फार असतं, हालचाल कमी, पाणी कमी, जेवण मऊ आणि चोथा नसलेलं, शिवाय काही औषधंही कोठा बांधतात. गुदाशय भरलेलं राहिलं की ते पुढे मूत्राशयावर दाबतं, मग शू घाईची होते, थोडी थोडी होते, पूर्ण निघत नाही. कितीतरी मुलांचा ओलेपणा नुसतं पोट साफ ठेवल्यावर अर्ध्यावर येतो, एकही लघवीचं औषध न देता.

दोन आठवडे शीची नोंद ठेवा: दिवस, घट्ट की मऊ की पातळ, दुखली का, चड्डीला डाग का. आपल्याकडे एक मोठा गैरसमज असा की रोज थोडी थोडी पातळ शी येते म्हणजे पोट साफ आहे किंवा जुलाब होतायत. बरेचदा आत कडक गोळा अडकलेला असतो आणि त्याच्या बाजूने पातळ झिरपत असते. अशा वेळी जुलाब थांबवायचं औषध दिलं तर गाडं अजूनच अडतं.

करायचं काय? सकाळी दूध किंवा नाश्ता झाल्यावर २०-३० मिनिटांनी ५ ते १० मिनिटं बसवा, रोज, शी होवो न होवो. पोटात काही गेलं की आतडं आपोआप हलतं, त्याचा फायदा घ्यायचा. बसण्याची पद्धत नीट हवी: दोन्ही तळवे टेकलेले, लोंबकळलेले अजिबात नाहीत, गुडघे कमरेच्या थोडे वर, मांड्या फाकलेल्या, अंग किंचित पुढे, हाताला धरायला काहीतरी. टाचा वर राहणाऱ्या मुलाला इंडियन संडासात उकिडवं बसवायचा हट्ट नको, तो सगळी ताकद तोल सांभाळण्यात घालवतो. कमोडवर लहान सीट आणि पायाखाली लाकडी पाट, एवढ्यात काम होतं.

खाण्यात पपई, पेरू, डाळ, पालेभाज्या, भिजवलेले मनुके, पोळीत थोडा कोंडा. आपल्या इंदुरी घरांमध्ये सकाळी पोहे त्यावर शेव, दुपारी परत शेव, संध्याकाळी कचोरी, आणि पोराच्या पोटात पाणी किती गेलं ते कोणी मोजत नाही. ४ ते ८ वर्षांच्या मुलाला दिवसभरात साधारण १ ते १.४ लिटर प्यायला हवं, उन्हाळ्यात जास्तच. चहा आणि कोल्ड्रिंक यात धरायचे नाहीत, उलट ते बंदच करा, मूत्राशय चिडतं.

एवढ्याने होत नसेल तर डॉक्टर पॉलिइथिलीन ग्लायकॉलची पावडर देतात. ती आधी मोठ्या डोसने साठलेलं काढायला आणि मग लहान डोसने महिनोन्महिने चालवायला लागते. दोन दिवस बरं वाटलं म्हणून बंद करणं ही या टप्प्यातली ठरलेली चूक.

पोट साफ झालं की शू-डायरी परत एकदा दोन दिवस भरा. ही दुसरी डायरी म्हणजे तुमची खरी ऑपरेशनआधीची नोंद.

४. तपासण्या, आणि त्या कशा करून घ्यायच्या

लघवीची साधी तपासणी आणि कल्चर (लघवीतले जंतू वाढवून बघायची तपासणी). नमुना मधल्या धारेचा, आधी साबण-पाण्याने जागा धुवून. चिकटवायच्या पिशवीतल्या नमुन्यात त्वचेवरचे जंतू येतात आणि नसलेलं इन्फेक्शन दिसतं. खरंच इन्फेक्शन असेल तर ते बरं झाल्याशिवाय ऑपरेशन होणार नाही, म्हणून ही तपासणी ट्रेनमध्ये बसायच्या आदल्या दिवशी नको.

सोनोग्राफी, किडन्या आणि मूत्राशयाची, शू करायच्या आधी आणि नंतर. इथे फार गडबड होते. सेंटरवाले लिटरभर पाणी पाजून तासभर थांबवतात, मूत्राशय टम्म फुगतं, मग अनोळखी बाथरूममध्ये आधाराशिवाय कमोडवर बसवतात, मूल घाबरून अर्धीच शू करतं आणि रिपोर्टमध्ये येतं की बरीच लघवी मागे राहते. असा एक आकडा बघून हादरू नका. घरचा पायाखालचा पाट आणि सीट बरोबर न्या, पाणी मुलाच्या नेहमीच्या सवयीने पाजा, घाई न करता बसवा, आणि आकडा जास्त आला तर परत करून बघायला सांगा. त्याच सोनोग्राफीत मूत्राशयाच्या मागचं गुदाशय किती रुंद आहे तेही मोजता येतं, साधारण ३ सेंटीमीटरच्या वर असेल तर कोठा अजून भरलेला असायची शक्यता असते.

युरोडायनॅमिक्स सगळ्यांना लागत नाही. यात एक बारीक नळी मूत्राशयात आणि एक गुदद्वारात घालून, मूत्राशय हळूहळू भरत आतला दाब मोजतात. वारंवार इन्फेक्शन, बरीच शिल्लक लघवी, किडनीवर सूज, शू सुरूच न होणं, यापैकी काही असेल तर आधीच करून घ्या. काही सेंटर एसडीआरच्या आधी सगळ्यांचीच करतात.

मेंदूचा आणि मणक्याचा एमआरआय आणि खुब्यांचा एक्सरे सर्जन सांगतीलच.

> सावधान: सीपीमधली मेंदूची इजा वाढत जात नाही. जे मूल आधी कोरडं होतं आणि आता ओलं व्हायला लागलंय, चालणं महिन्यागणिक बिघडतंय, कंबरेवर केसांचा पुंजका किंवा खळगा आहे, एकाच पायाचा आकार बदलतोय, तिथे मणक्यात दुसरं काही आहे का, मज्जारज्जू खाली अडकलाय का, हे बघितल्याशिवाय रायझोटॉमीचं नावही काढायचं नाही.

५. सर्जनला विचारायचे प्रश्न, लिहून न्या

ओपीडीत दहा मिनिटं मिळतात आणि आपण सगळं "चालेल कधी?" यातच घालवतो. थोडं समजून गेलात तर प्रश्न नेमके विचारता येतात.

मणक्याच्या खालच्या भागातल्या नसांच्या मुळांना वरून खाली एल (कंबर) आणि एस (त्याखालचा भाग) असे क्रमांक असतात. पायांच्या नसा साधारण एल-१, एल-२ पासून एस-१ पर्यंतच्या मुळांतून येतात. मूत्राशय, गुदद्वार आणि त्या भागाची संवेदना एस-२, एस-३, एस-४ मधून. अडचण एस-२ ची आहे, कारण त्यात पोटरीचेही धागे असतात आणि शू-शीचेही, आणि कोणाच्या एस-२ मध्ये कशाचा वाटा किती हे प्रत्येक मुलात वेगळं निघतं. टाच उचललेली राहते म्हणून एस-२ चे धागे कापावेसे वाटतात, पण चुकीचे धागे गेले तर शू-शीची जाणीव जाऊ शकते. यासाठी ऑपरेशन चालू असताना प्युडेंडल नसेची चाचणी करता येते, म्हणजे जननेंद्रियाच्या जागी हलका करंट देऊन तो कोणत्या मुळातून वर जातोय ते बघतात आणि ते मूळ वाचवतात. गुदद्वाराच्या स्नायूलाही ईएमजीचे इलेक्ट्रोड लावतात.

तर प्रश्न असे: कोणत्या मुळांपासून कोणत्या मुळांपर्यंत काम करणार? एस-२ ला हात लावणार का, लावणार तर प्युडेंडल मॅपिंग करणार का? ईएमजी वाचायला ऑपरेशन थिएटरमध्ये कोण असणार? गुदद्वाराच्या स्नायूचं मॉनिटरिंग आहे का? कॅथेटर कितव्या दिवशी काढता? काढल्यावर शिल्लक लघवी मोजता का? शू अडली तर रात्री कोण बघणार, बालशल्य विभाग की युरॉलॉजी? भूल देणाऱ्यांशी बोलणं झालंय ना, कारण जास्त वेळ टिकणारं स्नायू ढिलं करणारं औषध दिलं तर ईएमजीत काही दिसणारच नाही.

डॉक्टर रागावतील म्हणून आपले लोक विचारत नाहीत. हे ऑपरेशन रोज करणारा माणूस या प्रश्नांवर रागावत नाही, उलट बोलतो. उत्तर "ते आम्ही बघून घेऊ" एवढंच आलं तर दुसरं मत घ्या, तारीख पुढे गेली तरी चालेल. बोटॉक्स, तोंडाने घ्यायचं बॅक्लोफेन (कडकपणा कमी करणारं औषध), हाडा-स्नायूंची ऑपरेशनं हे मार्गही त्याच वेळी विचारून घ्या.

६. जायच्या आधीचे दोन-तीन आठवडे

आडवं पडून शू करायची सवय लावा. हे कोणीच करत नाही. ऑपरेशननंतर काही दिवस मुलाला सपाट झोपवून ठेवतात, आणि ज्याने आयुष्यात कधी झोपून शू केलेली नाही त्याला ती अडते, मग आपण घाबरतो. घरीच बेडपॅन किंवा मुलासाठी युरिन पॉट आणून, रोज एकदा, झोपून, गादीवर प्लास्टिक अंथरून, खेळासारखं. अंग न पिळता लाकडाच्या ओंडक्यासारखं एकसंध कुशीवर वळवायचं, तेही आईनेच नाही तर बाबांनी आणि आजीनेही शिकून घ्या.

औषधांची यादी लिहा. सोडियम व्हॅल्प्रोएट (फिट्सचं औषध) चालू असेल तर ते आवर्जून सांगा, त्याने प्लेटलेट्सवर परिणाम होऊ शकतो आणि काही मुलं त्यानेच रात्री ओलं करतात.

> सावधान: बॅक्लोफेन "आता ऑपरेशनच होणार आहे ना" म्हणून स्वतःच्या मनाने एकदम बंद करू नका. अचानक थांबवलं तर झटके, खूप ताप, भलताच कडकपणा येऊ शकतो. कमी करायचं तर डॉक्टरांनी सांगितलेल्या पायऱ्यांनीच.

कागदपत्रांचं थोडक्यात: यूडीआयडी कार्ड (दिव्यांगांचं सरकारी ओळखपत्र), आणि नॅशनल ट्रस्टची निरामय आरोग्य विमा पॉलिसी, ज्यात सीपी येते आणि वर्षाला १ लाखापर्यंत कव्हर असतं, थेरपीसाठीही. आयुष्मान कार्ड असेल तर त्या हॉस्पिटलमध्ये हे ऑपरेशन त्यात बसतं का ते आधी लेखी विचारा. नंतरच्या वर्षभराच्या फिजिओचा खर्च वेगळा धरा, लोक तोच विसरतात.

७. ऑपरेशननंतर: कॅथेटर असताना आणि काढताना

पहिले दोन-तीन दिवस कॅथेटर असतो. पिशवी नेहमी मुलाच्या कमरेच्या खाली, पण जमिनीला टेकलेली नाही. नळी मांडीला चिकटवलेली, मुडपलेली नाही, कुशीवर वळवताना आधी नळी बघायची मग मूल. रोज एकदा साबण-पाण्याने जागा स्वच्छ. पिशवीत दोन तास काहीच आलं नाही तर नर्सला बोलवा, बरेचदा नळीच कुठेतरी दबलेली असते.

याच दिवसांत कोठ्याचं औषध सुरू करायला सांगा. मॉर्फिनसारखी दुखण्याची औषधं पोट बांधतात आणि शूही अडवतात, चौथ्या दिवशी पोट फुगल्यावर जाग येऊन उपयोग नाही.

कॅथेटर काढायचा तो सकाळी. म्हणजे दिवसा लक्ष ठेवता येतं, सोनोग्राफीवाले जागेवर असतात. काढायच्या आधी विचारा की दुखण्याचं जोरदार औषध किंवा एपिड्युरल (पाठीतल्या नळीतून दिलेलं दुखण्याचं औषध) बंद झालंय का, आणि मुलाला उशाशी उंच करायची परवानगी आहे का. काढलेली वेळ वहीत लिहा. मग:

- नेहमीसारखं पाणी द्या, भरमसाट पाजू नका.
- दोन-अडीच तासांनी बसवा किंवा पॉट द्या. नळ सोडा, कोमट पाणी ओता, जे त्याला चालतं ते.
- जोर लावायला सांगू नका, पोट दाबू तर अजिबात नका.
- प्रत्येक शू मोजा, ओला डायपर वजन करा.
- ६ तासांत काहीच झालं नाही, किंवा त्याआधीच पोटाचा खालचा भाग फुगला, मूल बेचैन झालं, तर लगेच सांगा, मूत्राशय स्कॅन करायला लावा.

वयाचा जो हिशोब वर दिला त्याच्यापेक्षा जास्त लघवी साठू द्यायची नाही, ताणलं गेलेलं मूत्राशय मग बरेच दिवस नीट आकुंचन पावत नाही. अडली तर पातळ नळीने तेवढ्यापुरती काढतात आणि नळी लगेच बाहेर. याला आया फार घाबरतात, पण बहुतेक मुलांना हे थोडे दिवसच लागतं. लागणारच असेल तर डिस्चार्जच्या आधी दोघा पालकांनी नर्ससमोर स्वतःच्या हाताने करून दाखवा, कागदावर लिहून घेऊन ट्रेनमध्ये बसू नका.

फसवी गोष्ट एकच: सतत थेंब थेंब ओलं होतंय म्हणजे शू सुटली, असं वाटतं. मूत्राशय काठोकाठ भरून वरून सांडत असेल तरी असंच दिसतं. शिल्लक मोजल्याशिवाय "झाली" म्हणायचं नाही.

परतीचा प्रवास झोपून करा. मुंबईहून अवंतिका एक्सप्रेसची खालची बर्थ मिळाली तर उत्तम, कारमध्ये दहा-बारा तास बसवून आणणं मणक्यालाही वाईट आणि शूलाही.

८. घरी पहिले सहा आठवडे

कडकपणा गेला की खाली लपलेला अशक्तपणा उघडा पडतो. जो मुलगा कडक पायांवरच का होईना पण बाथरूमपर्यंत जायचा, तो आता पोचत नाही. घरी सगळे म्हणतात शू बिघडली. डायरी काढा आणि "कशामुळे" बघा: पोचला नाही असं असेल तर मूत्राशय ठीक आहे, पलंगाजवळ पॉटी-खुर्ची ठेवा, चेन-बटण काढून इलास्टिकची चड्डी घाला. आणि जर आधी कळत होतं आणि आता कळतच नाही असं दिसलं, तर सर्जनला त्याच दिवशी फोन.

दर दोन ते अडीच तासांनी घड्याळ लावून बसवायचं, त्याने मागायची वाट बघायची नाही. पाय आणि तळवे काही आठवडे फार हुळहुळे असतात, मोजे-पाट लागले तरी ओरडतो, पाटावर मऊ टॉवेल टाका. शीचं औषध चालूच.

> लगेच दवाखाना: शू ६-८ तास नाही, थंडी वाजून ताप, जखमेतून पाण्यासारखं झिरपणं, बसवलं की जोरात डोकं दुखणं, जननेंद्रियाच्या किंवा बैठकीच्या जागी बधिरपणा, शी नकळत होणं, पायाची ताकद अचानक कमी होणं.

९. तिसरा महिना: परत मोजा, मगच औषध

तीन महिन्यांनी ४८ तासांची डायरी आणि शूनंतरची सोनोग्राफी परत. आधीच्या दुसऱ्या डायरीशेजारी ठेवा. घाई अजून तशीच असेल तर डॉक्टर ऑक्सिब्युटिनिनसारखं मूत्राशय शांत करणारं औषध देऊ शकतात, पण शिल्लक लघवी नाही आणि कोठा साफ आहे हे बघूनच, कारण हे औषध दोन्ही वाढवू शकतं. तोंड कोरडं पडतं, चेहरा लाल होतो आणि घाम कमी येतो. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४० च्या वर जातो आणि घाम न येणारं मूल उन्हात लवकर तापतं, तेव्हा ते सुरू करायचं असेल तर उन्हाळ्याबद्दल डॉक्टरांशी बोला, दुपारी बाहेर पाठवू नका. अभ्यासात लक्ष लागेना झालं, चिडचिड वाढली तर तेही सांगा.

शेजारच्या मुलाला लागू पडलेली गोळी आपल्या मुलाला देणं बंद करा. त्याचा ओलेपणा वेगळा, आपला वेगळा.

सहाव्या आणि बाराव्या महिन्याला हेच परत. त्यानंतर वर्षातून एकदा किडनी-मूत्राशयाची सोनोग्राफी पुरते, इन्फेक्शन होत असेल तर लवकर.

१०. शाळा

इथे सगळी मेहनत पाण्यात जाते, कारण शाळेत शू धरून ठेवायची आणि पाणी प्यायचंच नाही असं मुलं स्वतःच ठरवून टाकतात. पहिल्या दिवशी बाईंना आणि जी मावशी बाथरूमला नेणार तिला भेटा. दोन गोष्टी लेखी द्या: दर दोन तासांनी न मागता न्यायचं, आणि पायाखाली पाट ठेवून बसवायचं. पाट, सीट आणि कपड्यांचा एक जोड शाळेतच ठेवा. मावशीला एकदा स्वतः बसवून दाखवा, मुलाला कुठे धरायचं, हात कुठे टेकवायचे ते. पाण्याच्या बाटलीवर पेनाने दोन रेघा मारा, डबा खाईपर्यंत पहिली आणि सुटेपर्यंत दुसरी, आणि घरी आल्यावर आधी ती बाटली बघा.